जोर न लावता

तुळशीची लग्नं लागली की आमच्या अंबरनाथ पश्चिमेत वरातींचा धडाका सुरू होतो. उल्हासनगरची सिंधी लग्नं, भोवतालच्या गावांतल्या वराती; घोडीला उसंत नाही. कल्याण-बदलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशीच एक पांढरी घोडी आहे, राणी. मामा माझ्याकडे खांद्याच्या फिजिओथेरपीला येत. एकदा म्हणाले, "ताई, माझं राहू द्या, तिची मान बघा. दगड झालीय."

माणसांची डिग्री घोड्याला चालत नाही. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं. दात, खूर, तंगाखालची कातडी, सगळं ठीक निघालं. उरला ताण, आणि त्याचं कारण शोधायला लांब जायला नको. कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, पाठीवर नवरदेव आणि रुबाब दिसावा म्हणून लगाम आवळून उभी धरलेली मान. पळून जीव वाचवणारं जनावर हे. त्याला पळायची सोयच ठेवली नाही, तर अंग आखडणारच.

मामांच्या लेखी मालिश म्हणजे मोहरीचं तेल आणि आखाड्यातला जोर. पण माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते. जिला माशी कळते तिच्या अंगात अंगठा कशाला रुतवायचा?

कपाळाच्या अगदी समोरचं घोड्याला दिसत नाही, म्हणून मी खांद्याच्या बाजूला उभी राहिले. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर तळवा ठेवला. कळपात घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तिथून बोटं हळूहळू मानेवरून कानामागे नेली. राणीने डोकं झटकन वर घेतलं. मी हात काढला नाही, दाबलाही नाही; नुसता केसांना लागेल इतका हलका केला आणि थांबले.

हे थांबणंच मामांना सोसेना. "काही करताय की नाही?"

राणीच्या पापण्या जड झाल्या. खालचा ओठ लोंबला. मग ती काही तोंडात नसताना चघळू लागली, ओठ चाटले, फुरफुरली आणि सगळे दात दाखवत लागोपाठ जांभया दिल्या. मान गुडघ्यांच्या दिशेने खाली आली.

"झोप आली तिला," मामा म्हणाले.

"झोप नाही मामा, सुटतंय."

उजवीकडे मात्र तिने फार वेळ हात लावू दिला नाही. बाजूला सरकली, मी सरकू दिलं.

आता वरातीहून आल्यावर मामा आधी तंग सैल करतात, खरारा करतात, मग कानामागे हात ठेवून बिडी न पेटवता उभे राहतात. वरात थांबली की लगाम ढिला सोडा, तिला मान खाली घेऊ द्या, हेही त्यांनी मानलंय. पण राणीने मान खाली घेतली रे घेतली की व्हिडिओवाला ओरडतो, "ओ मामा, घोडीची मान वर!"