जमीनी निशान

फौजेत कुठलाही तोंडी हुकूम दोन शब्दांनी सुरू होतो. जमीनी निशान. समोरचं मोठं झाड, त्याच्या उजवीकडची पांढरी शाळा, मागची टेकडी. आधी जमीन समजून घ्यायची, मग दुश्मनाची खबर, मग आपला मकसद. खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनला एक वर्ष मी जमिनीवर जितका रांगलो असेन तितका लहानपणीही रांगलो नसेन. उस्तादांची एक ओरड अजून कानात आहे. फायर आला की, "जमीन पकड़!"

त्यामुळे पुढे जे घडलं त्यात माझी चूक होती, पण ती शिकवलेली चूक होती.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. एक्स-इंडिया लीव्हची परवानगी काढून बायको आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन मी काठमांडूला गेलो होतो. माझी पलटण गोरख्यांची. बारा वर्षं त्यांची भाषा बोललो, त्यांच्याबरोबर दशैं साजरे केले, पण त्यांचा देश घरच्यांना कधी दाखवला नव्हता. आमचे एक सुभेदार साहेब तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गोरखा जिल्ह्यात, बारपाकच्या पलीकडे आपल्या गावी स्थायिक झाले होते. आम्ही आलोय म्हटल्यावर ते आदल्या दिवशीच काठमांडूत दाखल झाले. सोबत पिशवीभर मकई आणि घरचं तूप.

दुपारी बाराच्या आत धरहरा बघायला जायचं ठरलं होतं. भीमसेन थापांच्या काळातला तो उंच पांढरा मनोरा. लेकीला त्याच्या पायऱ्या मोजायच्या होत्या. पण साहेबांनी आणखी एकेक चहा सांगितला. ठमेलमधल्या आमच्या लॉजच्या अंगणात आम्ही बसलो होतो. ११ वाजून ५६ मिनिटांनी आधी कावळे उठले, सगळे एकदम. मग पायाखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला.

मला वाटलं, स्फोट. काश्मीरमध्ये दोनदा असा हादरा अनुभवला होता. डोक्याने विचार करायच्या आत शरीराने काम केलं. लेकीला खाली घेतलं, बायकोचा हात ओढला आणि विटांच्या कुंपणभिंतीच्या बुडाशी तिघंही आडवे झालो. आड मिळाली, जमीन पकडली. पुस्तकात लिहिलंय तसंच.

"भुइँचालो! साब, भुइँचालो!" साहेब ओरडले आणि माझी कॉलर धरून त्यांनी मला अक्षरशः फरफटत अंगणाच्या मधोमध आणलं. बायको लेकीला घेऊन मागोमाग आली. उभं राहता येत नव्हतं. जमीन नुसती थरथरत नव्हती, होडीसारखी हेलकावत होती. काठमांडूचं खोरं म्हणजे एका जुन्या तळ्याचा गाळ. असा गाळ हादरा मोठा करतो, लांबवतो, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी एवढंच कळलं की मिनिट फार मोठं असतं. जिथे आम्ही आडवे पडलो होतो तिथे ती भिंत सबंधच्या सबंध आडवी झाली.

धूळ खाली बसल्यावर मी विचारलं, साहेब, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, आईने शिकवलंय. नब्बे सालचा भूकंप, म्हणजे विक्रम संवत १९९०, आपल्या हिशेबाने १९३४ चा, तो त्यांच्या आईने सहा वर्षांची असताना पाहिला होता. मुलांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. भुई हलली की भिंतीला सोड, आकाशाखाली ये.

मी सोलापूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली तेव्हा आमच्या घरातली भांडीही फडताळातून खाली आली होती. गणपती विसर्जनाची ती रात्र. वडिलांनी आम्हाला ओढून अंगणात आणलं होतं. बावीस वर्षांत मी ते विसरलो आणि उस्तादांचं लक्षात ठेवलं.

आम्ही टुंडीखेलच्या मैदानावर गेलो. निम्मं शहर तिथे आलं होतं. वाटेत रस्ता विचारला की लोक सवयीने "धरहराच्या बाजूने" म्हणत आणि मग गप्प होत. मनोऱ्याचं फक्त खोड उरलं होतं. त्या शहराचं जमीनी निशानच गेलं होतं. साडेबाराला दुसरा मोठा धक्का आला, तेव्हा आख्खं मैदान एका आवाजात ओरडलं.

साहेब दुपारपासून फोन लावत होते. गावाला फोन लागत नव्हता. संध्याकाळी कुणाच्या तरी रेडिओवर केंद्र कळलं. बारपाक. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रेडिओवाल्याकडे पाठ केली आणि लेकीला विचारलं, "नानी, भोक लाग्यो?"

मी म्हणालो, साहेब, तुम्ही निघा. आमचं आम्ही बघू.

"भोलि बिहान, हजुर." उद्या सकाळी. तुम्हाला विमानतळावर पोचवतो, मग जातो.

मी पुन्हा म्हणालो नाही. ते निवृत्त होते, मी सुट्टीवर होतो, हुकमाचा प्रश्नच नव्हता. पण आमच्यातली सवय तीच होती. मी ठाम आवाजात "जाइए" म्हटलं असतं तर ते गेले असते. म्हटलं नाही, कारण लेक त्यांच्या जॅकेटमध्ये झोपली होती आणि मला त्यांची गरज होती. रात्रभर जमीन अधूनमधून हलत राहिली. रात्रभर ते जागे होते.

आपली विमानं पहिल्याच संध्याकाळी मदत घेऊन उतरली होती. दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी आपल्या अधिकाऱ्यांना गाठून म्हणालो, मला भाषा येते, काही काम द्या. त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे? मग शांतपणे म्हणाले, "फॅमिलीला घेऊन जा. इथे एक तोंड कमी, तेवढीच मदत." बरोबरच होतं. परक्या देशात, वर्दीशिवाय, हुकमाशिवाय मी एक पर्यटक होतो. रात्री आम्ही पालमला उतरलो. साहेब सकाळीच गोरख्याच्या वाटेला लागले होते.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. घर गेलं. दगड आणि मातीच्या भिंती, किल्लारीसारख्याच. बायको शेतात होती, वाचली. शनिवारची सुट्टी, त्यामुळे नातवंडं शाळेत नव्हती. शाळाही पडली होती. नेपाळात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. शाळेचा वार असता किंवा किल्लारीसारखी पहाट असती तर किती गेली असती, याचा विचार करवत नाही.

आई मात्र ओसरीवर बसलेली होती. सत्त्याऐंशी वर्षांची, उठून आकाशाखाली येणं झालं नाही. दुसऱ्या रात्रीपर्यंत होती, म्हणाले. साहेब चौथ्या दिवशी पोचले.

माझ्याकडून शब्द निघेना. तेच म्हणाले, "साब, रास्ता बंद था. रात को निकलता तब भी नहीं पहुँचता."

हा हिशेब मी नंतर अनेकदा मांडला आहे, गस्तीचा मांडतात तसा. काठमांडू ते गोरखा बाजार साधारण १४० किलोमीटर. पुढे डोंगरातला जीपचा रस्ता, तो दरडींनी तुटलेला. मग चढाची पायवाट. अंधार, धक्के, वय. दर वेळी उत्तर तेच येतं, वेळेत पोचले नसते. उत्तर बरोबर आहे. तरी मी हिशेब पुन्हा मांडतो.

दोन वर्षांनी एकटाच त्यांच्या गावी गेलो. नवं घर एकमजली, छपराला हलका पत्रा, भिंतींतून आडवे पट्टे घातलेले. सरकारचे तीन लाख नेपाळी रुपये आणि उरलेली पेन्शन. आईचा फोटो आत नाही, बाहेर अंगणातल्या खांबावर लावलाय. का, ते मी विचारलं नाही.

२०२१ मध्ये काठमांडूत नवा धरहरा उभा राहिला. लेक आता मोठी झाली आहे, पायऱ्या मोजायच्या राहिल्यात म्हणते. जाऊ. पण आधी गावी जाऊ, तिला ते अंगण दाखवायचंय.

आणि पलटणीत नवे लेफ्टनंट आले की मी जमीनी निशानचा धडा घेतो तेव्हा शेवटी एक गोष्ट जोडतो. पुस्तकात नाही. भुई हलली की भिंतीला सोड, आकाशाखाली ये. पोरं वहीत लिहून घेतात. कुणी शिकवलं विचारलं, तर सांगतो, आमच्या एका साहेबांच्या आईने.