792 किलोहर्ट्झवरची शिट्टी

आकाशवाणी पुणे मिडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झला लागतं. आमच्याकडे ते लागतं सकाळी 7 वाजून 5 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांसाठी, आणि अप्पा रेडिओ बंद करतात ते थेट जेवायला बसताना. पावसाळ्यात भाचा शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आला आणि त्याच्या सामानात त्याचा डिजिटल ॲम्प्लिफायरही आला. दुसऱ्या सकाळी अप्पांनी आतून विचारलं, "अरे, पुणे केंद्र बंद पडलं का?" रेडिओवर एक बारीक, उंच शिट्टी वाजत होती आणि निवेदिकेचा आवाज तिच्याखाली दबला होता.

भाच्याचा ॲम्प्लिफायर बंद केला, शिट्टी गेली. चालू केला, परत आली. गाणं लावलं की तिच्यात खरखरही मिसळायची.

तापकीर गल्लीत सहज मिळणारा, टीपीए3116 चिपचा तो बोर्ड. हातभर लांबीच्या जुन्या ॲम्प्लिफायरइतका आवाज तळहाताएवढ्या जागेत आणि फारसं न तापता देतो, म्हणून पोरांना तो आवडतो, आणि मलाही आवडला. तो फारसा तापत नाही, कारण त्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहत नाहीत; सेकंदाला चार लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात. पण ही उघडझाप काही नॅनोसेकंदांत होते. इतक्या झटक्यात बदलणाऱ्या विजेतून 400 किलोहर्ट्झबरोबर त्याच्या पटीतल्या लहरीही निघतात: 800, 1200, 1600. यातली 800 ची लहर पुणे केंद्राच्या अगदी कुशीत येते. चिपमधलं घड्याळ काटेकोर 400 वर नसतं; भाच्याच्या बोर्डाचं जरा खाली होतं, त्यामुळे लहर 792 च्या आणखी जवळ सरकली होती. बोर्ड गरम होत गेला की शिट्टीचा सूर बदलायचा, यावरून ती तिथूनच येत असावी असं वाटलं.

तरी आधी बोर्डाला वीज देणाऱ्या लॅपटॉपच्या चार्जरवर संशय घ्यावा लागतो, कारण तोही असाच उघडझाप करणारा प्राणी. चिप साडेचार ते 26 व्होल्टवर चालते, म्हणून चार्जर काढून इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरी जोडली. शिट्टी होती तिथेच. चार्जर सुटला.

मग अप्पांचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन मी बोर्डाभोवती फिरलो. मोठी उपकरणं हाताशी नसताना याच्याइतकं चांगलं साधन नाही. त्याच्यातली फेराइटची दांडी लहरीची दिशा दाखवते: दांडीचं टोक उगमाकडे वळलं की आवाज पडतो, ती आडवी धरली की वाढतो. दोन ठिकाणी रेडिओ अक्षरशः किंचाळला. एक, बाहेर लटकवलेल्या कॉइलींजवळ. दुसरं, स्पीकरच्या वायरीच्या पूर्ण लांबीवर.

भाच्याने बोर्डात बदल करून घेतले होते. मूळच्या बंदिस्त कॉइली काढून जाड तारेच्या उघड्या कॉइली वायरींवर टांगल्या होत्या, आणि चिपजवळचे चिमुकले कपॅसिटर काढून मोठे, महागडे, लांब पायांचे बसवले होते. "मामा, आवाज बघ ना किती मोकळा झालाय," तो म्हणाला. आवाज खरंच छान होता, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पण तारेच्या दर सेंटीमीटरला ढोबळमानाने आठ-दहा नॅनोहेन्री भर पडते, आणि अशा वेगाला तेवढीही पुष्कळ होते. कपॅसिटर कितीही उंची असो, त्याचे पाय लांब असले तर चिपला हवा तो झटका तो वेळेवर पुरवू शकत नाही. मग तो झटका वायरींतून लांबचा फेरा घेतो, आणि तो सगळा फेरा ॲंटेना बनतो.

आम्ही चिपच्या पायांशीच 0.1 मायक्रोफॅरॅडचे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केले. प्रत्येक आउटपुटपासून ग्राउंडला 10 ओहम आणि 330 पिकोफॅरॅडची जोडी लावली. तिने उघडझापीनंतरची थरथर शमते. बंदिस्त, 10 मायक्रोहेन्रीच्या कॉइली परत बोर्डावर आल्या, 0.68 मायक्रोफॅरॅडच्या आखूड पायांच्या कपॅसिटरसोबत. ही जोडी साधारण 61 किलोहर्ट्झच्या वरचं अडवू लागते, म्हणजे ऐकू येणाऱ्या 20 किलोहर्ट्झला धक्का लागत नाही. एवढ्यावरच शिट्टी निम्म्याहून खूप खाली आली.

स्पीकरची एक वायर ग्राउंड करू, असं भाच्याच्या मनात आलं होतं. या चिपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एकही ग्राउंडला लागता कामा नये. त्याऐवजी दोन्ही वायरी पिळल्या आणि एकत्रच फेराइटच्या मोठ्या कड्यातून आठ-दहा फेरे घेतले. बाजारातलं चापाचं फेराइट एका फेऱ्यात 800 किलोहर्ट्झला जवळपास काहीच करत नाही, ते त्याहून खूप वरच्या लहरींसाठी असतं. फेरे वाढवले की अडथळा त्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून दहा फेऱ्यांत शंभरपट होतो.

राहिलेली शिट्टी घालवायला चिपमध्येच सोय आहे. उघडझापीचा वेग निवडायला तिला खास पिना आहेत आणि त्या ठेवल्याच आहेत मिडियम वेव्हच्या केंद्रांपासून दूर सरकण्यासाठी. स्वस्त बोर्डांवर त्या सरसकट ग्राउंडला जोडून टाकतात. त्यांतली एक जोडणी बदलून वेग 500 वर नेला. आता लहरी 500, 1000 आणि 1500 ला पडतात. 792 मोकळं, मुंबईचं 1044 सुद्धा मोकळं. सगळं ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलं. या लहरींना एक मिलिमीटरचा पत्राही पुरेसा असतो. भाच्याला आवाजात फरक जाणवला नाही. अप्पांच्या बातम्या शेजारच्या खोलीत स्वच्छ लागल्या.

हा वेग मी शेवटी बदलला, मुद्दाम. तो आधी बदलला असता तर पुण्याची शिट्टी गेली असती, पण घाण तेवढीच राहिली असती आणि दुसऱ्या कुणाच्या केंद्रावर पडली असती.

असे बोर्ड घरी जोडणाऱ्या, त्यात सुधारणा करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: डबा बंद करण्याआधी मिडियम वेव्हचा एक साधा रेडिओ शेजारी ठेवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा फिरवा, आणि सगळी केंद्रं साफ ऐकू येईपर्यंत सोल्डरिंग गन खाली ठेवू नका.