खडूची रेघ

पिकअपला मोठे टायर घातले आणि दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा निरुपयोगी झाला. तो मूळ टायरांचा. टायरवर छापलेला तर कमाल मर्यादेचा, पण लोक तेवढीच ठासून भरतात आणि गाडी खड्ड्यागणिक उडते.

आज सकाळी, टायर थंड असतानाच, नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढली. सपाट डांबरावर थोडं सरळ गेलो. मधला खडू गायब, कडा पांढऱ्याच. म्हणजे हवा जास्त. दोन-दोन पाउंड उतरवत गेलो, तेव्हा कुठे रेघ सगळीकडून सारखी पुसली. मागे हौदा रिकामा, म्हणून तिथे आणखी कमी. (माल भरला की वाढवायची, हे आलंच.) नुसत्या कडा पुसल्या तर हवा कमी, आणि ते जास्त वाईट: टायर तापून फुटतो.

पंपावरचा पोरगा ‘किती टाकू?’ विचारतो, तेव्हा आकडा आपल्याकडे तयार ठेवा.