हार्टिंगच्या थाळीचे दिवस

थाळीफेक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजही रॉबर्ट हार्टिंगच उभा राहतो. ७ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिक. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. अंतिम फेरीत आपला विकास गौडा होता, म्हणून आम्ही जागे होतो. विकास आठवा आला, पण झोप उडवली ती त्या धिप्पाड जर्मन गड्याने. इराणचा एहसान हदादी ६८.१८ मीटरवर आघाडीला होता. पाचव्या फेकीत हार्टिंगने ६८.२७ मीटर गाठले. अवघ्या नऊ सेंटिमीटरने सुवर्ण! मग त्याने अंगातली जर्सी टराटरा फाडली, खांद्यावर झेंडा घेतला आणि महिलांच्या शर्यतीसाठी मांडून ठेवलेले अडथळे ओलांडत सुटला.

त्याआधी २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा मालाचोव्स्की पुढे होता. घरचं मैदान, घरची माणसं आणि हातात एकच फेक उरलेली. हार्टिंगची थाळी ६९.४३ मीटरवर पडली आणि स्टेडियम दणाणलं. स्पर्धेचं शुभंकर असलेल्या अस्वलाला त्याने चक्क खांद्यावर उचललं. पुढे २०११ आणि २०१३ मध्येही तो जगज्जेता झाला. २०१२ पासून सलग तीन वर्षं जर्मनीचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरला, तेही फुटबॉलवेड्या देशात! लोकांना तो आवडायचा, कारण तो मनातलं बोलायचा. २०१४ मध्ये सर्वोत्तम अ‍ॅथलीटच्या जागतिक पुरस्काराच्या यादीत उत्तेजकांपायी बंदी भोगलेल्या धावपटू गॅटलिनचं नाव दिसताच त्याने स्वतःचं नाव मागे घ्यायला लावलं.

आज थाळी तीच, दोन किलोची. वर्तुळही तेच, अडीच मीटरचं. अंतर मात्र वाढलं. युर्गेन शुल्टचा १९८६ चा ७४.०८ मीटरचा जागतिक विक्रम लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने २०२४ मध्ये मोडला आणि पुढच्याच वर्षी ७५.५६ मीटर फेक केली. दोन्ही वेळा जागा एकच, अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधलं रमोना नावाचं छोटंसं गाव. वारा थाळीला साथ देतो म्हणून फेकणारे तिथे जातात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णाला ७० मीटर लागले. हार्टिंगच्या लंडनच्या फेकीला तिथे कांस्यही मिळालं नसतं. आणि हार्टिंगच्या जर्मनीचं पथक तर २०२३ च्या जागतिक स्पर्धेतून एकही पदक न घेता परतलं.

अलेक्नाची फेक थोर आहे, यात शंका नाही. पण तो विक्रम मी बातमीत वाचला; हार्टिंगची फेक मी श्वास रोखून पाहिली होती. २०१८ मध्ये त्याने निरोप घेतला, तोही बर्लिनच्या त्याच स्टेडियममध्ये, आपल्या माणसांसमोर.

आपल्याकडे शाळेच्या क्रीडास्पर्धेत थाळीफेक मैदानाच्या कोपऱ्यात उरकली जाते. पुढच्या वेळी थोडा वेळ काढा आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. फेकणाऱ्या पोराला टाळ्या ऐकू येऊ द्या.