सारिका, नसरीन आणि आमच्या शाळेतली पोरगी

सप्टेंबरातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीतल्या एका पोरीचे अब्बा शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. सेंट्रिंगचं काम करतात, हाताला सिमेंट तसंच होतं. म्हणाले, "बाजी, आप बोले तो भेजतूं. नै बोले तो नै."

आमच्या शाळेचा चौदा वर्षांखालील मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला होता. आता लातूरला जिल्हा स्पर्धा. उर्दू शाळेतल्या मुली तालुक्यात पहिल्या येणं ही निलंग्यात रोजची गोष्ट नाही, आणि त्या आल्या होत्या बऱ्याचशा या एका पोरीमुळं. तरी मी लगेच 'भेजो' म्हणाले नाही. "कल बताती," म्हणाले. मी मराठी शिकवते, खेळाचा तास माझ्याकडं नाही, हे कारण मनात तयारच होतं. खरं कारण वेगळं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी होती. पळायला लागली की हाती लागायची नाही. तिच्याही वडिलांनी मलाच विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते, "दहावी होऊ द्या, मग बघू." शिक्षकाच्या तोंडी शोभणारं वाक्य. दहावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मध्यंतरी बाजारात भेटली, कडेवर बाळ. हसून सलाम केला. तिनं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी स्वतः खो-खो खेळलेय तो भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी काही मिनिटं. तालुक्यातल्या आमच्या गावात माळवदाच्या घराच्या भिंती उकलल्या. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, अल्लाहचा करम. पण पुढचे कित्येक महिने कुणी आत झोपायला तयार नव्हतं. सगळं गाव उघड्यावर. मदतीला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी आम्हाला चुन्यानं पाट्या आखून दिल्या, बाभळीचे दोन खुंट रोवले आणि आम्ही मुली दिवस मावळेपर्यंत खेळायचो. 'घरात ये' म्हणून कुणी हाक मारत नव्हतं, कारण जायला घरच नव्हतं. नंतर पत्र्याची घरं मिळाली, मी नववीत गेले आणि खेळ संपला. कुणी रागावलं नाही, बंदी घातली नाही. फक्त 'चल' म्हणणारं कुणी उरलं नाही.

त्या रात्री मी वहीच्या पानावर भारताच्या महिला खो-खो संघाचा हिशेब मांडत बसले. उद्या त्या बापाला सांगायला काहीतरी पाहिजे होतं. २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०१९ला काठमांडूत पुन्हा सुवर्ण, अंतिम सामन्यात नेपाळवर. २०२३ला आसामात तामुलपूरला आशियाई अजिंक्यपद, पुन्हा समोर नेपाळ, एक डाव राखून विजय. आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक. दक्षिण कोरियावर १७५-१८, इराणवर १००-१६, मलेशियावर १००-२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशवर १०९-१६, मग दक्षिण आफ्रिकेवर ६६-१६ आणि अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४०.

आकडे लिहिताना आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. १७५-१८ ही काही लढत नव्हे. खो-खो अजून जगात रुजायचाय, हे त्या आकड्यांतच दिसतं.

माझी भाची दोह्यात शाळेत हँडबॉल खेळते. तिच्या तोंडी सारखं हंगेरीतल्या ग्योर गावच्या महिला क्लबचं नाव असतं. ग्योरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या लातूरपेक्षा कितीतरी लहान. पण युरोपची चॅम्पियन्स लीग त्या क्लबनं २०२५पर्यंत सात वेळा जिंकली: २०१३, २०१४, मग २०१७ ते २०१९ लागोपाठ तीनदा, आणि पुन्हा २०२४ व २०२५. मला जास्त आवडली ती दुसरी यादी. २००९ला अंतिम सामन्यात हरल्या, २०१२ला हरल्या, २०१६ला पेनल्टीवर हरल्या, २०२२ला पुन्हा हरल्या. हरवणारं कुणी समोर असलं की जिंकण्याला वजन येतं. अर्थात त्या गावात ऑडीचा कारखाना आहे आणि क्लबच्या नावातच ऑडी आहे.

आपल्या पोरींना हरवणारं मैदानावर फारसं कुणी भेटत नाही. त्यांच्या अवघड लढती मैदानाच्या अलीकडं होतात.

सारिका काळे हिचंच बघा. आपल्या शेजारच्या धाराशिवची, तेव्हाच्या उस्मानाबादची. तेरा वर्षांची असताना काकांनी तिला मैदानावर नेलं. घरची परिस्थिती अशी की जवळजवळ दहा वर्षं एक वेळच्या जेवणावर काढली, हे तिनंच सांगितलंय. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. २०१६ला गुवाहाटीत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची ती कर्णधार. आणि त्याच २०१६ साली पैशाच्या ओढाताणीपायी तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला परत आणलं. पुढं ती क्रीडा अधिकारी झाली, तुळजापूरला नोकरीला लागली आणि २०२०ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी आला होता.

दुसरी नसरीन शेख. दिल्लीची. वडील रस्त्यावर भांडी विकायचे, घरात अकरा भावंडं. २०१९ला काठमांडूत सुवर्ण जिंकलेल्या संघाची ती कर्णधार. आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदीत वडिलांचा धंदा बसला तेव्हा या कर्णधाराच्या घरात रेशनची भ्रांत पडली, ती बातमी वर्तमानपत्रांत आली होती. नंतर तिलाही अर्जुन मिळाला, २०२३चा. विश्वचषकाच्या संघातही ती होती. त्याच संघात जम्मूची नाझिया बीबी होती, आणि आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे, अश्विनी शिंदे, रेश्मा राठोड होत्या. प्रियांका तर कर्णधार. त्या विजयानंतर महाराष्ट्र सरकारनं राज्यातल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी जाहीर केली. सारिकाची एक वेळची भाकरी आणि हे सव्वादोन कोटी, मध्ये नऊच वर्षं आहेत.

हे सगळं लिहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या पोरीच्या घरी गेले. अम्मी चुलीपाशी, अब्बा बाजेवर, पोरगी दाराआड. मी वही उघडून सांगायला लागले. सारिकाची नोकरी, खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, दहावीला मिळणारे वाढीव गुण. नसरीनचं नाव ऐकून अब्बांनी मान वर केली. "अपनी है?" "हौ," मी म्हणाले. अम्मीनं कपड्यांचं विचारलं. मी मोबाईलवर विश्वचषकातल्या इराणच्या मुलींचा फोटो दाखवला, डोकं झाकून खेळलेल्या. तिनं तो नीट बघितला, मोबाईल परत दिला. चहा झाला. मला वाटलं, आता 'हो' येईल.

अम्मी म्हणाली, "वो सब ठीक है बाजी. साथ में लेडीज कोन जातंय?"

खेळाचे शिक्षक पुरुष. सकाळी सहाची एसटी, परत यायला रात्र. बाई कुणीच जाणार नव्हती. एवढाच प्रश्न होता. त्यांना आरक्षण नको होतं, अर्जुन पुरस्कार नको होता. वहीचं पान मी उगीच भरलं होतं.

आणि मला ती बाजारातली मुलगी आठवली. तिच्या वेळीही प्रश्न एवढाच असणार. मी विचारलाच नव्हता. 'दहावी होऊ द्या' म्हणणं सोपं होतं, सकाळी सहाची एसटी धरणं नव्हतं.

"मैं जाती," मी म्हणाले.

मुख्याध्यापकांकडं रजेचा अर्ज दिला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि 'रजा कशाला, कर्तव्यावर जा' म्हणून सही केली. बारा मुली, एक सर आणि मी. गाडीत मुलींनी औशापर्यंत गाणी म्हटली, मग दोघींना उलट्या झाल्या. लातूरच्या मैदानावर बाकीच्या शाळांचे बूट बघून आमच्या मुली गप्प झाल्या. आमच्यातल्या निम्म्या अनवाणी.

पहिला सामना जिंकला. दुसरा दोन गुणांनी हरलो. पोरीनं खांबापाशी उडी मारताना कोपर सोलून घेतलं, मी ओढणीच्या टोकानं पुसलं, तर माझा हात झटकून परत पाटीवर जाऊन बसली. विभागाला गेलो असतो तर धाराशिवच्या मुलींशी गाठ पडली असती. मला त्या बघायच्या होत्या.

रात्री साडेआठला निलंग्याच्या स्टँडवर तिचे अब्बा सायकल धरून उभे होते. आम्ही हरलो हे त्यांना फोनवरून कळलं होतं. त्यांनी तिची पिशवी हँडलला अडकवली, कोपराकडं बघितलं आणि विचारलं, "कित्ते मारी?"

"पाँच," ती म्हणाली. "और तीन मिनट भागी."

"तीन मिनट?" ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघायला लागले, खरं आहे का म्हणून.