भुऱ्याचं जेवण

नंदिनी नगरला, भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडी खाणीच्या वसाहतीत आमचं घर आहे. लेकीनं हौसेनं आणलेला सीरियन हॅमस्टर, भुऱ्या, याच घरात वाढतोय. "आई, यानं परत सूर्यफूलच उचललं, बाकी सगळं तसंच!" सुरुवातीला तो संध्याकाळी झोपेतून उठला की ही तक्रार ठरलेली असायची.

तेव्हा भुऱ्याचं खाणं म्हणजे सुपेल्याच्या बाजारातून आणलेलं मिश्रण असायचं. त्या मिश्रणात ज्वारी, गहू, सुकवलेलं गाजर, पौष्टिक गोळ्या असं सगळं असायचं. भुऱ्या मात्र नाकानं हुंगत नेमकी सूर्यफुलाची बी वेचायचा, गाल टम्म फुगवायचा, कोपऱ्यात जायचा आणि पुढच्या पंजांनी गाल दाबून सगळा माल कागदाच्या कपट्यांखाली उतरवायचा. म्हणून रिकाम्या वाटीवरून त्याच्या पोटात काय गेलं ते कळत नाही. त्याचं कोठारच बघावं लागतं.

हा हट्ट त्याच्या जातीचाच आहे. १९३० साली इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानं अलेप्पोजवळच्या शेतात एक मादी आणि तिची पिल्लं पकडली. पाळीव सीरियन हॅमस्टर बहुतेक त्यांचेच वंशज. कोरड्या मुलखात मिळेल तेव्हा साठवायचं आणि तेलकट दाणा आधी पळवायचा, ही त्यांची जगण्याची रीत. पिंजऱ्यात टंचाई नसते, सवय तेवढी टिकून असते. सूर्यफुलात तेल भरपूर आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर हॅमस्टर लठ्ठ होतो आणि शरीराला लागणारं बरंच काही मिळत नाही.

म्हणून आता आमच्याकडे नुसत्या गोळ्या हेच मुख्य जेवण. प्रथिनं साधारण १६ ते १८ टक्के असलेल्या, सगळ्या एकसारख्या. त्यांत वेचायला काही उरत नाही. दिवसाला एक चमचाभर पुरतात. जोडीला थोडा कोदो नाहीतर नाचणी. सूर्यफुलाची बी हातातूनच, बक्षीस म्हणून एखादी. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, वाटाण्याएवढा. काकडीचा किंवा गाजराचा नखाएवढा तुकडा संध्याकाळी ठेवायचा आणि उरला तर रात्री उचलायचा, कारण इथल्या उन्हाळ्यात ओलं खाणं बघता बघता आंबतं. कोठारातूनही फक्त ओलं काढतो. सगळंच उपसलं तर तो बिचारा घाबराघुबरा होतो. कांदा, लसूण, संत्रं, चॉकलेट, कच्चा राजमा यांना पूर्ण बंदी. इकडे छत्तीसगडात घरोघरी असणारी तिवऱ्याची डाळही त्याला देत नाही. तिच्यातला विषारी घटक माणसाच्याही पायांना बाधतो.

नवीन पदार्थ एका वेळी एकच आणि तोही इवलासा. पहिल्यांदा नाकारला तरी काही दिवसांनी पुन्हा ठेवायचा. भुऱ्यानं कोदो असाच स्वीकारला: आधी बाजूला सारला, मग कोठारात नेला, शेवटी तिथं बसून सोलून खाल्ला. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन होतं आणि लेक ते वहीत लिहून ठेवते.

हॅमस्टर पाळणाऱ्यांना एवढंच सांगेन: त्याच्या आवडीला पूर्ण आहार समजू नका. गोळ्या मोजून द्या, कोठार तपासा, वजन लिहा. एवढासा जीव आजारपण लपवतो. त्यानं दिवसभर काहीच खाल्लं नाही किंवा शेपटीपाशी ओल दिसली, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.