आमच्या ओसरीवरची अंतराळयाने

पोरगे संगणकावर खेळत बसले की डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो आणि विजेचे बिल वाढते, असे आपल्याकडे म्हणतात. तिन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्याच आहेत. तरीही एका खेळाविषयी आज चार शब्द लिहिणार आहे. कारण सहा महिने एकमेकांशी न बोललेल्या बापलेकांना त्या खेळाने आमच्या घरात बोलते केले.

उदगीरपासून जवळच आमचे गाव. खरिपात सोयाबीन, उडीद, तूर आणि दावणीला देवणी जनावरे. धाकटा मुलगा बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी लातूरला राहिला. पहिल्या वर्षी गुण कमी पडले, दुसऱ्या वर्षीही पडले. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी दावणीची एक गाभण गाय विकली होती. घरात तो विषय कुणी काढला नाही, पण रिकामा खुंटा रोज दिसत होता. निकाल लागला तसा मुलगा वळकटी आणि जुना संगणक घेऊन परत आला. हे रागावले असते तर बरे झाले असते, पण हे गप्प बसले. दोघे शेजारी जेवायला बसत आणि जे काही मागायचे ते माझ्याकडे मागत.

मुलाने संगणक ओसरीवर मांडला आणि त्यावर अंतराळयाने सोडू लागला. खेळाचे नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने तो २०११ साली पहिल्यांदा लोकांपुढे आणला आणि २०१५ साली पूर्ण केला. फेलिपे फालांगे हा त्याचा कर्ता. लहानपणी तो शोभेच्या बाणांना पत्र्याची चिमुकली माणसे बांधून उडवी आणि त्यांना कर्बल म्हणे. आपली पोरे दिवाळीत बाणाला काय काय बांधतात ते आठवा, म्हणजे खेळ कुठून सुचला हे समजेल. खेळातले कर्बल हिरव्या रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे आणि भलतेच धीट. यान आपण जोडायचे: टाक्या, इंजिने, पंख, हवाई छत्री. मग सोडायचे आणि काय होते ते पाहायचे.

होते ते बहुधा भयंकरच. पहिल्या यानात छत्री आणि इंजिन एकाच कळीला जोडले गेले होते. इंजिन पेटले, त्याच क्षणी छत्री उघडली आणि फाटून गेली. दुसरे सरळ वर गेले आणि सरळ खाली आले. वर जाणे म्हणजे प्रदक्षिणा घालणे नव्हे, हे त्या दिवशी मला कळले. ज्वारी राखताना आपण गोफण फिरवतो. दगड जितका जोराने आडवा सुटेल तितका लांब जाऊन पडतो. तो इतक्या वेगाने सुटला की पडता पडता जमीनच त्याच्याखालून वळत गेली, तर तो पडतच राहील आणि भोवती फिरत राहील. खेळातल्या छोट्या पृथ्वीभोवती त्यासाठी सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, आपल्या खऱ्या पृथ्वीजवळ पावणेआठ.

तिसऱ्या यानाने सूर्याकडून वीज घेणाऱ्या पाट्या उघडल्याच नाहीत. बॅटरी संपली आणि यान कुणाचे ऐकेना.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं माय, वर बी लाइट जाती का?”

सासूबाईंना आकाशातून पडणाऱ्या वस्तूंचा जुना धसका आहे. ११ जुलै १९७९ च्या रात्री अमेरिकेचे स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या भागात लोक धास्तावले होते. मरायचेच तर खाऊनपिऊन मरू म्हणून कुणी कोंबड्या कापल्या, असे त्या सांगतात. स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. कोंबड्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

चौथ्या यानाने घरात क्रांती केली. खाली चार जड इंजिने आणि वर हलका पण रुंद डबा. जमीन सोडली की यान कोलांटी खाई. मुलाने पाच-सहा वेळा सोडले, पाच-सहा वेळा उलटले. हे दारात बूट काढत उभे होते. कुणाकडेही न बघता म्हणाले, “ओझं मागं झालंय. गाडी उलाळणारच की.”

ओसरीवर कुणी हलले नाही. मग मुलाने मान न वळवता विचारले, “मग काय करू, अण्णा?”

“वजन पुढं घे. मागं पंखं लाव.”

त्याने तसे केले. यान सरळ गेले. सहा महिन्यांतले ते पहिले संभाषण, आणि ते बैलगाडीविषयी होते.

पुढे सगळे घरच त्यात गुंतले. एक कर्बल चंद्रावरून निघाला, पण इंधन संपल्यामुळे चंद्राभोवतीच फिरत राहिला. सासूबाईंनी हुकूम सोडला, “लेकरा, त्याला तिथंच टाकून जेवायला कसा बसलास? त्याच्या मायला काय सांगशील?” मग सुटका मोहीम निघाली. अडकलेले यान पुढे आणि सोडवायला गेलेले मागे. मुलगा गाठायला वेग वाढवी, तर अंतर उलट वाढतच जाई. कारण वेग दिला की यान मोठ्या फेऱ्यात जाते आणि मोठी फेरी पुरी व्हायला जास्त वेळ लागतो. पुढच्याला गाठायचे तर ब्रेक मारायचा, म्हणजे यान आतल्या फेऱ्यात उतरते आणि लवकर फेरी पुरी करते.

मला हे पटेना. सासूबाईंना मात्र लगेच पटले. “खळ्यावर पात फिरती तवा तिवड्याजवळचा बैल थोडकीच पावलं टाकतो. आतल्याचा फेरा लहानच असतो.” सतराव्या खेपेला तो हिरवा जीव सुखरूप घरी आला. सासूबाईंनी देवाजवळ साखर ठेवली.

मग मुलगा स्वतःच स्वतःला कोडी घालू लागला. १९८१ साली आपला ‘ॲपल’ उपग्रह चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवला होता, त्याचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यावरून त्याने चंद्रावर बैलगाडी न्यायची ठरवले. दोन चाके, साटा आणि पुढे बैलांच्या जागी दोन टाक्या. गाडी उतरली ठीक. पण त्या चंद्रावर ओढ एक षष्ठांश, चाकांना पकड नाही. जरा वळवली की गाडी चारी मुंड्या चीत. “आख रुंद कर, ओझं खाली बसव,” हे ह्यांचे दुरुस्तीचे मत. तीही चालली.

या सगळ्यात मुलाच्या हाताशी एक दोनशे पानी वही असे. यान क्रमांक, काय जोडले, कुठे मोडले, पुढच्या वेळी काय बदलायचे. एकदा मी विचारले, “इतक्यांदा पडतं, तुला कंटाळा येत नाही का?” तो म्हणाला, “आई, इथं पडलं की का पडलं ते दिसतं. परीक्षेत नुसता आकडा दिसला.” आकडा पाहिल्यावर त्याने तो पेपर पुन्हा उघडलाच नव्हता. त्या रात्री उघडला. वही मागच्या बाजूने सुरू केली आणि कोणता प्रश्न कशामुळे गेला ते मांडले. न येणारे प्रश्न थोडे निघाले. घाईने चुकलेले पुष्कळ.

खरी याने सोडणारेही असेच शिकले आहेत. आपले पहिले एसएलव्ही-३ यान १० ऑगस्ट १९७९ ला बंगालच्या उपसागरात कोसळले. दोष शोधून १८ जुलै १९८० ला त्याच जातीच्या यानाने रोहिणी उपग्रह वर नेला. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर आपटला. पुढच्या वेळी इस्रोच्या लोकांनी काय काय बिघडू शकेल याची आधी यादी केली आणि त्याप्रमाणे यान बांधले. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा मोठी ठेवली. २३ ऑगस्ट २०२३ ला ते अलगद उतरले. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर यांनी रॉकेटचे घन इंधन घडवले आणि पुढे पावसाच्या अंदाजाकडे वळले. १६ घटकांवरचा मॉन्सूनचा अंदाज १९८८ पासून त्यांच्या पद्धतीने निघू लागला. २००२ च्या दुष्काळात तो चुकला, तेव्हा २००३ पासून हवामान खात्याने पद्धत बदलली.

आता आपले पाहा. आपली पेरणी चुकली तर वर्ष जाते. म्हणून आपण नवे काही करायला भितो, आणि मुलांनाही तीच भीती देतो. चुकायला परवडेल एवढी लहान जागा आपल्या घरात कुठेच नसते. मी ह्यांना म्हटले, पाच गुंठे पोराला द्या. पीक आले तर आले, गेले तर कुणी शब्द काढायचा नाही. अट एकच, वहीत नोंद पाहिजे.

त्याने परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस ७१ सोयाबीन घेतले. निम्म्यात नेहमीप्रमाणे तिफणीने पेरले, निम्म्यात रुंद वरंबे पाडून. जोराच्या पावसात सपाट भागात पाणी साचून झाडे पिवळी पडली, वरंब्यावरची हिरवी राहिली. पण एका कडेला त्याने सरी उताराच्या दिशेने पाडली होती. पाण्याने ती चरासारखी खोदली आणि वरंब्याची माती बियांसकट बांधापाशी नेऊन ठेवली. ह्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत. ठरले होते तसेच.

परीक्षेला तिसऱ्यांदा बसायचे की शेतकीच्या पदवीला जायचे, हे अजून ठरायचे आहे. रात्री जेवणानंतर दोघे त्यावर बोलत बसतात, कधी आवाजही चढतो. मी मध्ये पडत नाही.

परवा वही सहज उघडली. पाच गुंठ्यांच्या पानावर मुलाच्या नोंदीखाली ह्यांच्या वाकड्या अक्षरात एक ओळ होती: “पुढच्या साली सरी उताराला आडवी घ्यावी.”